पाठीवरून पोटात : फोटोतल्या नोंदींचा मागोवा

इंग्लंडमधल्या लॅकॉक अ‍ॅबी या जुन्या वास्तूत विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५मध्ये एका जाळीदार खिडकीची प्रतिमा कागदावर उतरवली. आज हाती असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकार टपालाच्या तिकिटाहून फारसा मोठा नाही. टॅलबट यांनी ती एका कागदावर चिकटवली आणि शेजारी स्वतःच्या हाताने नोंद केली. चित्र कशाचं, कोणत्या साधनाने घेतलं आणि कधी, हे त्यांनी लिहिलं. शिवाय ती प्रतिमा ताजी असताना भिंगातून पाहिलं तर खिडकीची सुमारे दोनशे तावदानं मोजता येत होती, हेही नमूद केलं.

विषय, साधन, वेळ आणि तपशील किती बारीक उतरला याचं माप, अशा चार गोष्टी त्या नोंदीत आहेत. आज फोटोशॉपमध्ये एखादा फोटो उघडून 'फाइल इन्फो' पाहिलं की कॅमेऱ्याचं नाव, भिंग, शटर, तारीख, वेळ यांचा तक्ता समोर येतो. 'इमेज साइज' उघडलं की पिक्सेलची संख्या आणि रेझोल्यूशनचा आकडा दिसतो. गिंपमध्येही हीच माहिती 'मेटाडेटा'च्या खिडकीत मिळते. रोज हजारो लोक हे तक्ते उघडतात, हवा तो आकडा पाहतात आणि बंद करतात. पण त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या काळातून, वेगवेगळ्या धंद्यांतून आणि वेगवेगळ्या गरजांतून तिथे आली आहे. कोणती ओळ कुठून आली हे कळलं, की कोणत्या ओळीवर किती भरवसा ठेवायचा हेही कळतं. म्हणून हा मागोवा.

काचेवरचे आकडे

एकोणिसाव्या शतकातल्या व्यावसायिक छायाचित्रकाराची पहिली अडचण साठ्याची होती. काचेच्या शेकडो प्लेटा फडताळात उभ्या, आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन म्हणणार, त्या देवळाची आणखी एक प्रत काढून द्या. त्यासाठी प्लेटेवरच क्रमांक घालायची पद्धत पडली. हिमालयात आणि हिंदुस्थानभर फिरलेल्या सॅम्युएल बोर्न यांच्या निगेटिव्हवर असे क्रमांक आहेत. बोर्न अँड शेफर्ड या पेढीच्या सूचिपत्रात तेच क्रमांक छापलेले असत आणि ते पाहून प्रती मागवल्या जात. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई इथे काम केलेल्या लाला दीनदयाळ यांच्या छायाचित्रांवरही क्रमांक आणि स्थळाचं नाव आढळतं. ही अक्षरं छापात बहुधा पांढरी दिसतात. निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलं की तिथून उजेड जात नाही आणि कागदावर ती जागा पांढरी राहते.

तांत्रिकदृष्ट्या ही मोठी गोष्ट होती. प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली नोंद त्या एकाच प्रतीपुरती असते. निगेटिव्हवर लिहिलेली नोंद मात्र पुढे निघणाऱ्या प्रत्येक प्रतीबरोबर जाते. चित्र आणि त्याची माहिती यांची ताटातूट होऊ नये, ही ओढ पुढच्या दीडशे वर्षांच्या साऱ्या खटपटीच्या मुळाशी आहे.

ही सोय सामान्य माणसाच्या हाती देण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९१४मध्ये झाला. हेन्री गेइसमन या अमेरिकी संशोधकाची कल्पना ईस्टमन कोडॅक कंपनीने तीन लाख डॉलर देऊन विकत घेतली आणि 'ऑटोग्राफिक कोडॅक' कॅमेरे बाजारात आणले. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटं झाकण होतं. फोटो काढला की झाकण उघडायचं आणि सोबतच्या धातूच्या लेखणीने फिल्ममागच्या कागदावर दाबून लिहायचं. कागद आणि फिल्म यांच्यामध्ये कार्बनसारखा एक पातळ थर असे. लेखणीच्या दाबाने तो जिथे हटला तिथून उजेड आत शिरायचा. लिहून झालं की झाकण काही सेकंद उजेडाकडे धरायचं. मग लिहिलेलं अक्षर न् अक्षर दोन फोटोंमधल्या कोऱ्या पट्टीवर उमटायचं. फिल्म धुतली की तारीख, गाव, नाव सगळं निगेटिव्हवर कायमचं. पहिल्या महायुद्धात खिशात मावणारा कोडॅक घेऊन अनेक सैनिक आघाडीवर गेले आणि त्यातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना हे झाकण होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ही फिल्म बंद झाली. प्रत्येक फोटोनंतर थांबून चार शब्द लिहायचे, एवढी शिस्त यात गृहीत धरलेली होती. ती सगळ्यांना जमत नाही. म्हणून पुढचे सगळे प्रयत्न माणसाऐवजी यंत्राकडून लिहून घेण्याचे झाले.

आपल्याकडच्या घरोघरच्या अल्बममध्ये त्या पुढच्या टप्प्याची खूण आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांतले रंगीत फोटो काढून पाहा. उजव्या कोपऱ्यात खाली नारिंगी रंगात तारीख दिसेल. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणात बसवलेलं क्वार्ट्झ घड्याळ फिल्मवर उजेडाने ते आकडे उमटवत असे. बारशाच्या, मुंजीच्या, सहलीच्या फोटोंवर या आकड्यांमुळे निदान साल तरी कळतं. पण बॅटरी बदलल्यावर तारीख पुन्हा लावायची राहून गेली, की आकडा खुशाल चुकीचा पडत राहायचा. यंत्राने लिहिलेली तारीख म्हणजे त्याच्या घड्याळात त्या वेळी असलेली तारीख, एवढाच तिचा अर्थ.

फिल्मच्या युगातला शेवटचा मोठा प्रयत्न १९९६चा. कोडॅक, फुजी, कॅनन, मिनोल्टा आणि निकॉन यांनी मिळून 'अ‍ॅडव्हान्स्ड फोटो सिस्टिम' आणली. तिच्या फिल्मवर पारदर्शक चुंबकी थर होता. फोटोची तारीख, वेळ, कोणत्या आकारात छापायचा याची सूचना, असं सगळं त्यावर नोंदवता येई आणि छपाईयंत्र ते वाचत असे. चित्रावर काही दिसायचं नाही, पण माहिती मात्र चित्राबरोबर असायची. ही कल्पना अचूक होती. पण तोवर फिल्मचे दिवस भरत आले होते, आणि याच कल्पनेची दुसरी, जास्त टिकाऊ आवृत्ती एक वर्ष आधीच जपानमध्ये कागदावर उतरली होती.

जपानमधला तक्ता

डिजिटल कॅमेरे १९९०च्या दशकाच्या मध्यावर दुकानात येऊ लागले तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने चित्र साठवत होती. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात चालेल याची हमी नव्हती. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या 'जेइडा' या संघटनेने ऑक्टोबर १९९५मध्ये एक प्रमाण पद्धत जाहीर केली. तिचं नाव एक्झिफ. तिच्यात नवं कमी होतं, जुळवाजुळव जास्त होती. चित्र दाबून साठवण्यासाठी १९९२मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धत घेतली. माहितीचा तक्ता मांडण्यासाठी अ‍ॅल्डस या अमेरिकी कंपनीने १९८६मध्ये स्कॅनरच्या चित्रांसाठी तयार केलेली टिफ पद्धत घेतली. जेपेग फाइलमध्ये इतरांना हवी ती माहिती ठेवायला काही राखीव कप्पे होते. त्यातल्या एका कप्प्यात टिफचा तक्ता ठेवून दिला.

ही जोडणी आजही उघड्या डोळ्यांनी पाहता येते. कॅमेऱ्यातून आलेली जेपेग फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, तर पहिले दोन बाइट 'एफएफ डी८' असतात. इथून जेपेग सुरू. त्यानंतर बहुतेक वेळा लगेच 'एफएफ ई१' येतं. हा तो राखीव कप्पा. पुढच्या दोन बाइटमध्ये कप्प्याची लांबी असते. लांबी लिहायला दोनच बाइट असल्यामुळे कप्पा ६४ किलोबाइटपेक्षा मोठा होऊ शकत नाही. मग 'एक्झिफ' शब्दाची चार रोमन अक्षरं, दोन शून्यं, आणि त्यानंतर 'आय आय' किंवा 'एम एम' ही जोडी. आकडे इंटेलच्या रीतीने डावीकडून लहान-मोठे मांडले आहेत की मोटोरोलाच्या रीतीने उलटे, हे त्या जोडीवरून कळतं. लगेच पुढे ४२ हा आकडा. टिफच्या जनकांनी १९८६मध्ये ओळख म्हणून निवडलेला हा आकडा आज आपल्या फोनने काढलेल्या जेपेग फोटोतही जसाच्या तसा आहे.

याच परंपरेतली आणखी एक देणगी सगळ्यांच्या ओळखीची आहे. फोन संगणकाला जोडला की फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. हे नाव आणि चार अक्षरांपुढे चार आकडे अशी कॅमेऱ्यातल्या फाइलींच्या नावाची रीत, दोन्ही १९९८च्या जपानी प्रमाणातून आली आहेत. दीनदयाळांच्या काचेवरचा क्रमांक आता यंत्र आपोआप घालू लागलं.

एक्झिफ पुढे वाढत गेलं. २००२च्या आवृत्तीने छपाईयंत्रांना उपयोगी पडणाऱ्या नोंदी आणल्या. २०१६च्या आवृत्तीत वेळेबरोबर प्रमाणवेळेचा फरक लिहायची सोय आली. ती आधी नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं. तोवर कॅमेरा फक्त '११ वाजले' एवढंच सांगत होता, कुठले अकरा ते नाही. न्यू जर्सीहून डिसेंबरात लग्नाला आलेल्या पाहुण्याने कॅमेऱ्याचं घड्याळ बदललं नाही, तर पुण्यातल्या सकाळी अकराच्या मुहूर्ताचा फोटो त्याच्या नोंदीत मध्यरात्रीनंतर साडेबाराचा ठरतो. मग सगळ्यांचे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले की अक्षता आधी पडतात आणि हळद नंतर लागते. फोटोशॉपच्या ब्रिजमध्ये किंवा लाइटरूममध्ये ही वेळ एका फटक्यात सगळ्या फोटोंना पुढेमागे करता येते, पण त्यासाठी चूक कुठे आहे ते आधी ओळखावं लागतं.

एक तक्ता जवळून

आता 'कॅमेरा डेटा' हा भाग सावकाश वाचू. समजा, तिथे लिहिलं आहे: शटर १/२५० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ १००, फोकल लेंग्थ ५ मिलिमीटर आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २६ मिलिमीटर.

शटर आणि अ‍ॅपर्चर फाइलमध्ये बहुधा दोनदा नोंदलेले असतात. एकदा साध्या अपूर्णांकात, आणि एकदा 'एपेक्स' नावाच्या पद्धतीत. ही पद्धत अमेरिकी प्रमाणसंस्थेने १९६०मध्ये मांडली होती. तिच्यात गुणाकाराऐवजी बेरीज करायची असते. एफ ५.६ म्हणजे ५, १/२५० म्हणजे ८, दोन्ही मिळून १३. आणि तेरा हा त्या प्रकाशाचा आकडा. गणकयंत्र हाती नसलेल्या छायाचित्रकाराला तोंडी हिशेब करता यावा म्हणून केलेली ही सोय. अब्जावधी गणितं क्षणात करणाऱ्या फोनच्या फाइलमध्येही ती टिकून आहे.

'३५ मिलिमीटरच्या हिशेबाने' ही ओळ तर सरळ ऑस्कर बार्नॅक यांच्यापर्यंत जाते. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीच्या या तंत्रज्ञाने सिनेमाची फिल्म आडवी धरून चित्राची चौकट दुप्पट केली, २४ गुणिले ३६ मिलिमीटर. १९२५मध्ये त्या मापाचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि तेच माप जगभर रूढ झालं. फोनमधलं सेन्सर नखाएवढं असतं, त्यामुळे त्याच्या भिंगाची फोकल लेंग्थ चार-सहा मिलिमीटर भरते. तो आकडा वाचून कोणालाही दृश्याचा पसारा कळत नाही. म्हणून तो बार्नॅकच्या चौकटीत बदलून सांगितला जातो.

या तक्त्यात एक ओळ दिशेची असते. कॅमेरा उभा धरला तरी सेन्सर आडवंच चित्र वाचतं. कॅमेरा चित्र फिरवत नाही, फक्त एक ते आठपैकी एक आकडा लिहून ठेवतो. सहा असेल तर पाहणाऱ्या प्रोग्रॅमने ते घड्याळाच्या दिशेने पाव वळण फिरवून दाखवायचं. पूर्वी अनेक प्रोग्रॅम ही ओळ वाचत नसत, म्हणून संगणकावर आजी आडव्या दिसायच्या. काही छापखान्यांच्या जुन्या यंत्रणांत हा घोटाळा अजून होतो. फोटो नीट फिरवून पुन्हा सेव्ह करणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

याशिवाय 'मेकर नोट' नावाचा एक भाग आहे. त्यात काय लिहायचं ते प्रत्येक कंपनीने स्वतः ठरवलं आणि बहुतेकींनी त्याचा खुलासा जाहीर केला नाही. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी २००३मध्ये 'एक्झिफटूल' हा मोफत प्रोग्रॅम दिला आणि पुढची वर्षानुवर्षं जगभरातल्या वापरणाऱ्यांच्या मदतीने या गुप्त नोंदींची उकल करत तो वाढवत नेला. सेकंडहँड कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलं ते पाहायची आज जी रीत आहे, ती अनेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत या उकलीमुळेच शक्य झाली. एका माणसाच्या चिकाटीने झालेलं हे सार्वजनिक काम आहे आणि त्याचं ऋण मानायला हवं.

७२ आणि ३०० कुठून आले?

सगळ्यांत जास्त गैरसमज ज्या ओळीबद्दल आहेत ती ओळ रेझोल्यूशनची. मासिकाच्या कचेरीतून निरोप येतो, '३०० डीपीआयचा फोटो पाठवा.' पाठवणारा फाइल उघडतो, ७२ आकडा दिसतो, आणि तो ७२ खोडून ३०० लिहितो. फोटो सुधारला असं दोघांनाही वाटतं. तो सुधारत का नाही, याचं उत्तर या आकड्यांच्या इतिहासात आहे.

डिजिटल चित्रातली खरी वस्तू म्हणजे पिक्सेल. १९५७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्कॅनर बांधला आणि कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात घेतला. त्या चित्रात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके होते, म्हणजे एकूण एकतीस हजारांच्या आत. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बांधलेल्या पहिल्या हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र १०० गुणिले १००चं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आजचा नेहमीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेल देतो. चित्रात तपशील किती मावेल याची कमाल मर्यादा या आकड्यांनी ठरते. त्यांना इंच ठाऊक नसतो.

इंच आला तो छापखान्यातून. छापाला करडा रंग येत नाही, शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून फोटो जाळीतून पाहून लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायची हाफटोन पद्धत निघाली. 'न्यूयॉर्क डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० रोजी असा हाफटोन फोटो छापला आणि १८८२मध्ये जर्मनीच्या गेओर्ग माइझनबाख यांनी आपल्या हाफटोन पद्धतीचं पेटंट घेतलं. ब्लॉकमेकरकडून जस्ताचे ब्लॉक करून घेणाऱ्या मराठी मुद्रकांच्या पिढ्यांना ही जाळी चांगली परिचयाची होती. वर्तमानपत्राच्या खडबडीत कागदाला इंचात ६५-८५ ओळींची, तर आर्टपेपरला १५० ओळींची. डिजिटल फोटो आल्यावर व्यवहारातला नियम ठरला, की जाळीच्या ओळींच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत. दीडशेची दुप्पट तीनशे. तीनशेचं मूळ एवढंच.

७२चं घराणं वेगळं. मुद्रणात टाइपाचं माप पॉइंटमध्ये धरतात आणि एका इंचात सुमारे ७२ पॉइंट बसतात. १९८४च्या अ‍ॅपल मॅकिंटॉशचा पडदा एका इंचात ७२ ठिपके अशा बेताने केला होता, म्हणजे पडद्यावर बारा पॉइंटचं अक्षर कागदावरच्या बारा पॉइंटएवढंच दिसावं. तो पडदा केव्हाच गेला. पण एक्झिफमध्ये रेझोल्यूशनच्या रकान्यात काहीच माहीत नसेल तर ७२ लिहावं, असा नियम झाला आणि आकडा राहिला. काही कॅमेरे तिथे ३०० लिहितात, काही ३५०. या फरकाने चित्रात तिळभरही फरक पडत नाही. ती फक्त छापणाऱ्याला केलेली सूचना आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. फोटो १२०० गुणिले ८०० पिक्सेलचा आहे आणि आकडा ७२. 'इमेज साइज' उघडून 'रीसँपल'ची खूण काढून टाका आणि ३०० लिहा. पिक्सेल तेवढेच राहतात आणि छापाची रुंदी दिसते चार इंच. हा खरा जबाब आहे. हा फोटो चांगल्या कागदावर चार इंचांपर्यंत उत्तम छापेल. तीच खूण ठेवून ३०० लिहिलं, तर चित्र ५००० गुणिले ३३३३ पिक्सेलचं होतं. आधीच्या एका पिक्सेलच्या जागी आता सतराहून अधिक आहेत, आणि एवढे जास्तीचे पिक्सेल कॅमेऱ्याने कधी पाहिलेलेच नाहीत. प्रोग्रॅमने शेजारपाजारचे रंग बघून ते भरले आहेत. फाइल फुगते, आकडा शोभतो आणि छापून आलं की चेहरे मेणाचे दिसतात.

तेव्हा संपादकांनी डीपीआय मागण्याऐवजी पिक्सेल मागावेत. ए-४ आकाराचं पूर्ण पान ३००च्या हिशेबाने छापायला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. निमंत्रणपत्रात हा एक आकडा लिहिला, तर दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतली निम्मी फोनाफोनी वाचेल.

माणसाने लिहायच्या ओळी

कॅमेरा कधी आणि कसं हे लिहितो. कोण आणि का हे त्याला कळत नाही. त्या ओळींचा उगम वृत्तसंस्थांमध्ये आहे. असोसिएटेड प्रेसने १ जानेवारी १९३५ला तारेवरून फोटो पाठवायची सेवा सुरू केली तेव्हा टंकलिखित ओळी फोटोशेजारी चिकटवून चित्राबरोबरच स्कॅन केल्या जात. वृत्तसंस्थांची आयपीटीसी ही संघटना १९६५मध्ये स्थापन झाली आणि १९९१मध्ये तिने बातमी व फोटो यांच्यासोबत पाठवायच्या नोंदींचा नमुना ठरवला: मथळा, ओळी, छायाचित्रकाराचं नाव, गाव, श्रेय. फोटोशॉपने हे रकाने उचलले आणि वृत्तपत्रांच्या फोटो विभागांत ते रुळले.

या रकान्यांना मर्यादा होत्या. छायाचित्रकाराच्या नावाला ३२ बाइट. रोमन लिपीत बत्तीस अक्षरं होतात, पण युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'सदाशिव कुलकर्णी' एवढं साधं नावही त्यात बसत नाही. एक्झिफमधले नावाचे रकाने तर मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठीच आखले होते. अ‍ॅडोबीने २००१मध्ये आणलेल्या एक्सएमपी पद्धतीने युनिकोड स्वीकारला आणि मराठीत हवं तेवढं लिहायची वाट मोकळी झाली. एक्झिफने हीच सोय अधिकृतपणे दिली ती २०२३च्या तिसऱ्या आवृत्तीत. आज 'फाइल इन्फो'च्या वर्णनाच्या रकान्यात मराठीत परिच्छेदच्या परिच्छेद लिहिता येतात. ही सोय आपल्या संस्थांनी, ग्रंथालयांनी आणि घराण्यांचे कागद जपणाऱ्यांनी वापरायला हवी. फडावरच्या तमाशाचा फोटो असेल तर ढोलकीवाला कोण, गाव कुठलं, हे लिहिणारा माणूस आज आहे. उद्या नसेल.

साक्ष आणि धोका

नोंद बोलकी असते, आणि कधी जास्तच बोलते. डिसेंबर २०१२मध्ये अँटिव्हायरसचे उद्योजक जॉन मॅकाफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत होते. त्यांच्याबरोबरच्या पत्रकारांनी आयफोनने काढलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. त्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. ते ग्वाटेमालात आहेत हे काही वेळातच जगाला कळलं. घराच्या, शाळेच्या, लहान मुलांच्या फोटोंबाबत हाच धोका आपल्यालाही आहे. फोटो जाहीर ठिकाणी टाकण्याआधी स्थळाची नोंद काढून टाकावी. तसंच काही प्रोग्रॅम फोटो कापल्यावर आतली छोटी नमुनाप्रत बदलत नाहीत आणि कापून टाकलेला भाग तिच्यात शाबूत राहतो, हेही लक्षात असू द्यावं.

दुसऱ्या बाजूला, ही नोंद म्हणजे आपोआप पुरावा नव्हे. एक्झिफटूलच्या एका आज्ञेने तारीख बदलता येते. डिजिटल नोंद न्यायालयात कशी मांडायची, यावरचा देशातला महत्त्वाचा निकाल जालन्याच्या खटल्यातून आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०ला स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच समोर आणलं नसेल तर प्रतीबरोबर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात तर फाइलचं हॅश मूल्यही नोंदवावं लागतं. फाइलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलतं.

कॅमेरा कंपन्याही त्याच दिशेने निघाल्या आहेत. कॅमेऱ्यातच फोटोवर सांकेतिक सही व्हावी आणि पुढचा प्रत्येक बदल तिच्याखाली नोंदला जावा, यासाठी २०२१मध्ये 'सीटूपीए' हा गट स्थापन झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये लायका एम११-पी हा अशी सही करणारा पहिला कॅमेरा आला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांच्या काळात ही सही मोलाची ठरेल, पण तीही फाइलबरोबर टिकली तरच.

आणि टिकणं हीच आज आपल्याकडची मोठी अडचण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातल्या कॅमेऱ्याच्या नोंदी पुसल्या जातात. स्थळाची नोंद जाते हे एका अर्थी बरंच. पण तारीख, साधन, कष्टाने लिहिलेलं नाव आणि वर्णनही त्याबरोबर जातं. टॅलबटपासून आजवर साऱ्यांनी जे साधण्यासाठी धडपड केली, ते एका बोटाच्या स्पर्शाने निसटतं. मराठी घरांतले लग्नाचे, जत्रेचे, शेवटच्या भेटीचे कितीतरी फोटो आज फक्त या लहान केलेल्या, नोंद हरवलेल्या रूपात उरले आहेत.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, मूळ फाइल जपा; कोणाला द्यायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ई-मेलने द्या. दोन, रेझोल्यूशनच्या आकड्यावर जाऊ नका, पिक्सेल मोजा. तीन, घरातल्या जुन्या फोटोंचं स्कॅनिंग करत असाल तर पाठची बाजूही स्कॅन करा. मग वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, फाइल इन्फो उघडा, आणि फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे ते मराठीत लिहून घ्या. कॅमेरा बाकी सगळं लिहील. नावं आपल्यालाच लिहावी लागतील.